फॉलेट : पानांतील जीवनसत्त्व आणि त्याची उणीव

इ. स. १९२८ साली डॉ. लूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईस आली. बाळंतपणात मृत्यू पावणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळी भारतात फार मोठी होती आणि त्या मृत्यूंची कारणे शोधून काढण्यासाठी एक चौकशी हाती घेण्यात आली होती. भारतीय स्त्री वैद्यकीय सेवेतील डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी डॉ. विल्स यांना या कामासाठी पाचारण केले होते. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी आपले काम सुरू केले.

त्यांच्यापुढे जो रोग होता त्याचे स्वरूप मोठे विलक्षण होते. कापडगिरण्यांत राबणाऱ्या व पडद्यात राहणाऱ्या गरीब स्त्रिया गरोदरपणाच्या उत्तरार्धात पांढऱ्याफटक पडत. त्यांना धाप लागे, जीभ सोलवटून निघे, अन्नावरची वासना उडे आणि पुष्कळदा जुलाब लागत. प्रसूतीचा ताण अशा शरीरास झेपत नसे. हा रक्तक्षय होता हे उघडच होते. परंतु तो नेहमीचा रक्तक्षय नव्हता. लोहाच्या न्यूनतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात रक्तातील तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. या स्त्रियांच्या रक्तात मात्र पेशींची संख्या अतिशय घटलेली असून उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या झालेल्या आढळत.

या रोगाचे कारण म्हणजे फॉलेट या जीवनसत्त्वाची उणीव होय, हे आज आपल्याला ठाऊक आहे. ते कसे कळले, हे जीवनसत्त्व शरीरात कोणते कार्य करते, त्याची उणीव कोणास व का भासते, आणि ती भरून काढताना वेळेला एवढे महत्त्व का आहे, यांचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

शोधाची वाटचाल

डॉ. विल्स यांनी प्रथम रुग्ण स्त्रियांच्या आहाराची चौकशी केली. मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची तुलना करता त्यांना असे दिसून आले की, ज्या वर्गातील स्त्रियांचा आहार सर्वांत निकस होता, त्याच वर्गात हा रोग सर्वांत अधिक होता. रोगजंतूपेक्षा आहारातील एखाद्या घटकाच्या अभावाकडेच या गोष्टीने बोट दाखविले.

पुढे त्यांनी उंदरांवर व नंतर माकडांवर प्रयोग केले. गरीब स्त्रियांच्या आहारासारखाच आहार या प्राण्यांना दिला असता त्यांनाही रक्तक्षय झाला. आणि त्यात यीस्टचा अंश मिसळला असता तो टळला किंवा बरा झाला. यीस्टपासून तयार केलेला ‘मार्माइट’ हा पदार्थ बाजारात स्वस्तात मिळत असे. तो रुग्ण स्त्रियांना देण्यात आला आणि त्याचा गुण आश्चर्यकारक त्वरेने दिसून आला. १९३१ साली डॉ. विल्स यांनी आपले हे निष्कर्ष ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

यकृत खाऊ घातल्याने एका प्रकारचा घातक रक्तक्षय बरा होतो, हे मायनॉट व मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी १९२६ साली दाखवून दिले होते. तेव्हा यीस्टमध्येही तोच घटक असावा असा तर्क कोणीही केला असता. पण यकृताचा शुद्ध केलेला अर्क मुंबईकडील रक्तक्षयावर लागू पडेना. अशुद्ध, ओबडधोबड अर्क मात्र लागू पडे. याचा अर्थ असा की, शुद्धीकरणात जो निघून जातो असा एक दुसराच घटक येथे काम करीत होता. बरीच वर्षे त्यास ‘विल्स घटक’ याच नावाने ओळखले जात असे.

या घटकास आजचे नाव मिळाले ते १९४१ साली. अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठात मिचेल, स्नेल व विल्यम्स या शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालक घेऊन त्यातून या द्रव्याचा अत्यल्प अंश वेगळा केला. लॅटिन भाषेत पानास ‘फोलियम’ म्हणतात. त्यावरून त्यांनी त्यास ‘फॉलिक आम्ल’ असे नाव दिले. अन्नात हे द्रव्य ज्या निरनिराळ्या रूपांत आढळते त्या सर्वांस मिळून ‘फॉलेट’ म्हणतात, तर गोळ्यांमध्ये वापरले जाणारे कृत्रिम रूप म्हणजे फॉलिक आम्ल होय.

१९४५ साली न्यूयॉर्कजवळील लेडर्ली प्रयोगशाळेत हे आम्ल कृत्रिम रीतीने तयार करण्यात यश आले. या प्रयोगशाळेतील संशोधनाचे नेतृत्व डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते. १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या सुब्बाराव यांचे दोन भाऊ संग्रहणीसारख्या ‘स्प्रू’ या विकाराने दगावले होते. या विकारात आतड्यांची अन्नरस शोषण्याची शक्ती क्षीण होते व रुग्णास फॉलेटची तीव्र उणीव भासते. ज्या रोगाने घरातील माणसे नेली, त्याच रोगावर उपयोगी पडणारे औषध सुब्बाराव यांच्या हाताखाली तयार झाले.

पेशींची वाढ आणि फॉलेट

आपल्या शरीरातील पेशी सतत झिजतात व त्यांच्या जागी नव्या येतात. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. म्हणून हाडांमधील मज्जेला दर सेकंदास सुमारे वीस लाख नव्या पेशी तयार कराव्या लागतात. एका पेशीच्या दोन पेशी होण्यापूर्वी तिच्या केंद्रातील डीएनए या द्रव्याची हुबेहूब दुसरी प्रत तयार व्हावी लागते. पेशीचा सारा आराखडा या द्रव्यात साठविलेला असतो.

डीएनए हे चार प्रकारच्या घटकांचे बनलेले असते. त्यांपैकी थायमिन हा घटक तयार होताना कार्बनचा एकच अणू असलेला एक लहानसा गट जोडावा लागतो. तो गट उचलून योग्य ठिकाणी नेऊन पोचविणे हे फॉलेटचे काम होय. फॉलेट हे स्वतः इमारतीची वीट नाही. ते विटा वाहून नेणाऱ्या मजुरासारखे आहे. मजूर कमी पडले की माल पडून राहतो व बांधकाम रेंगाळते.

फॉलेटच्या अभावी नेमके हेच घडते. मज्जेतील कोवळ्या पेशी आकाराने वाढतात. पण डीएनएची प्रत पुरी न झाल्याने त्या विभागू शकत नाहीत. त्यांपैकी पुष्कळशा मज्जेतच नष्ट होतात. ज्या थोड्या रक्तात उतरतात त्या मोठ्या, बेढब व अल्पायुषी असतात. मुंबईच्या रुग्ण स्त्रियांच्या रक्तात डॉ. विल्स यांना ज्या मोठ्या पेशी दिसल्या, त्यांचे रहस्य हे असे आहे.

जेथे पेशींचे विभाजन वेगाने होते तेथे फॉलेटची उणीव प्रथम जाणवते, हा नियम यावरून सहज लक्षात येईल. रक्तानंतर जीभ व आतडी यांच्या अस्तराचा क्रम लागतो. म्हणूनच जीभ लाल, गुळगुळीत व वेदनामय होते आणि पचन बिघडते. सर्वांत वेगाने वाढणारी वस्तू म्हणजे मातेच्या उदरातील गर्भ होय. त्यामुळे गरोदर स्त्री ही या उणिवेची पहिली बळी ठरते.

याच नियमाचा उलट दिशेनेही उपयोग झाला. कर्करोगाच्या पेशीही अतिवेगाने वाढतात; तेव्हा फॉलेटचे कार्य मुद्दाम अडविले तर त्यांची वाढ रोखता येईल, या विचाराने सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी फॉलेटविरोधी द्रव्ये तयार केली. त्यांपैकी अमिनॉप्टेरिन हे द्रव्य बॉस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या मुलांना दिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निवेदनानुसार १६ पैकी १० मुलांचा रोग काही काळ हटला होता. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

उणीव कशी वाढत जाते

फॉलेट खाण्यात आले नाही तर किती दिवसांत माणूस आजारी पडेल? हा प्रश्न व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी १९६१ च्या सुमारास स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून सोडविला. आपले अन्न ते तीन तीन वेळा पाण्यात उकळीत व प्रत्येक वेळी ते पाणी फेकून देत, जेणेकरून त्यातील बहुतेक सारे फॉलेट निघून जावे. तीन आठवड्यांत त्यांच्या रक्तद्रवातील फॉलेटचे प्रमाण उतरले. सात आठवड्यांनी पांढऱ्या पेशींच्या केंद्रांत विकृती दिसू लागली. पुढे झोप लागेनाशी झाली, विसराळूपणा व चिडचिड वाढली. सुमारे साडेचार महिन्यांनी खरा रक्तक्षय प्रकट झाला आणि फॉलिक आम्ल घेताच तो बरा झाला.

या प्रयोगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, शरीरातील फॉलेटची शिल्लक फार थोडी असते. निरोगी माणसालाही ती चार-पाच महिन्यांहून अधिक पुरत नाही. दुसरी ही की, रक्तक्षय हे या उणिवेचे शेवटचे लक्षण आहे. चेहरा पांढरा दिसू लागतो तेव्हा उणीव सुरू होऊन कित्येक आठवडे लोटलेले असतात.

कोणास धोका अधिक

अपुरा व एकसुरी आहार हे या उणिवेचे प्रमुख कारण होय. सडलेला तांदूळ किंवा साबुदाणा यांनी पोट भरते, पण त्यांत फॉलेट नाममात्र असते. डाळ महाग झाली आणि भाजी ताटातून गेली की फॉलेटही गेले असे समजावे.

ज्यांची गरज वाढलेली असते अशांचा दुसरा वर्ग होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुचविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीस दररोज २२० मायक्रोग्रॅम, अंगावर पाजणाऱ्या मातेस ३३० मायक्रोग्रॅम, तर गरोदर स्त्रीस ५७० मायक्रोग्रॅम फॉलेटची आवश्यकता असते. म्हणजे गरोदरपणात ही गरज अडीच पटींहून अधिक होते. एकामागून एक बाळंतपणे झाली तर शिल्लक पुन्हा भरण्यास अवसरच मिळत नाही. सिकल सेल किंवा थॅलसेमिया यांसारख्या आनुवंशिक विकारांत तांबड्या पेशी अकाली फुटतात आणि मज्जेला दुप्पट कष्ट करावे लागतात. मध्य भारतातील आदिवासींमध्ये, विदर्भातील काही जमातींसह, सिकल सेल विकार बऱ्याच प्रमाणात आढळतो. अशा रुग्णांना फॉलिक आम्ल देण्याची पद्धत आहे ती याच कारणास्तव.

तिसरा वर्ग, ज्यांच्या शरीरात अन्नातील फॉलेट नीट शोषले जात नाही त्यांचा. स्प्रूसारखे आतड्यांचे विकार, अतिरिक्त मद्यपान, तसेच अपस्मारावरील फेनिटॉइनसारखी काही औषधे यांमुळे फॉलेटची पातळी खालावते. अशी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पहिले अठ्ठावीस दिवस

मातेच्या रक्तक्षयापेक्षाही गंभीर असा या उणिवेचा एक परिणाम पुष्कळ उशिरा ध्यानात आला. गर्भाच्या पाठीवर प्रारंभी एक चपटी पट्टी असते. तिच्या कडा वर उचलल्या जाऊन एकमेकींस मिळतात व एक नळी तयार होते. या नळीच्या वरच्या टोकापासून मेंदू व उरलेल्या भागापासून मज्जारज्जू बनतो. ही नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. ती वरच्या बाजूस उघडी राहिली तर मेंदू व कवटी पूर्ण बनत नाहीत आणि असे मूल जगू शकत नाही. खाली उघडी राहिली तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो. मूल जगले तरी पुष्कळदा त्याचे पाय लुळे पडतात, मलमूत्रावर ताबा राहत नाही व डोक्यात पाणी साठते.

१९६५ साली लिव्हरपूल येथील हिबर्ड व स्मिथेल्स या डॉक्टरांनी या व्यंगांचा संबंध मातेच्या फॉलेटशी असावा असे सुचविले. त्याची निःसंदिग्ध सिद्धता मिळण्यास १९९१ साल उजाडावे लागले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत, ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते अशा स्त्रियांवर एक चाचणी घेतली. गर्भधारणेपूर्वीपासून काही स्त्रियांना दररोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल देण्यात आले, काहींना नाही. फल निश्चित कळलेल्या ११९५ गर्भधारणांपैकी २७ गर्भांत हे व्यंग आढळले. त्यांपैकी २१ फॉलिक आम्ल न मिळालेल्या स्त्रियांचे होते आणि केवळ ६ ते मिळालेल्यांचे. सुमारे ७२ टक्के व्यंगे टळली होती. हा फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली. पुढल्याच वर्षी हंगेरीतील एका चाचणीने दाखवून दिले की, पूर्वी असे मूल न झालेल्या स्त्रियांनाही फॉलिक आम्लयुक्त जीवनसत्त्वांचा असाच लाभ होतो.

आता या २८ दिवसांचा हिशेब पाहू. पाळी चुकल्याचे स्त्रीच्या ध्यानात येते तेव्हा गर्भधारणेस सुमारे दोन आठवडे होऊन गेलेले असतात. म्हणजे निम्मा काळ सरलेला असतो. आणखी एखादी पाळी चुकण्याची वाट पाहून, मग घरात सांगून, मग दवाखान्यात नाव नोंदवीपर्यंत ती नळी मिटलेली तरी असते किंवा कायमची उघडी राहिलेली तरी. त्यानंतर घेतलेली गोळी मातेचे रक्त सुधारते व गर्भाच्या पुढील वाढीस साहाय्य करते. पण उघडी राहिलेली नळी ती मिटवू शकत नाही.

भारत सरकारने १९७० सालापासून गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू केला. २०१८ साली आखलेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस व प्रसूतीनंतर १८० दिवस रोज घेण्याची योजना आहे. त्याच योजनेत, गर्भधारणेपूर्वीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असाही सल्ला दिलेला आहे. यांपैकी चौथ्या महिन्यानंतरची गोळी बहुतेक घरांना परिचित आहे. आधीची गोळी मात्र फारच थोड्या घरांत ठाऊक असते. नवविवाहित मुलीस ती कोणी सांगत नाही, कारण ती अजून ‘रुग्ण’ नसते. मूल हवे असे पतिपत्नींनी ठरविले की त्याच दिवसापासून ही गोळी सुरू करावयास हवी. ज्यांना पूर्वी असे व्यंग असलेले मूल झाले आहे त्यांना अधिक मोठी मात्रा लागते व ती डॉक्टरांच्याच सल्ल्याने घ्यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सर्वच व्यंगे फॉलेटच्या उणिवेमुळे होत नाहीत व फॉलिक आम्लाने सर्वच टळतात असेही नाही. असे मूल जन्मल्यास मातेस दोष देणे केवळ क्रूरपणाचेच नव्हे, तर अशास्त्रीयही आहे.

एक सावधगिरी

बी-१२ या जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही अगदी असाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय होतो. हे जीवनसत्त्व केवळ प्राणिज पदार्थांत असल्यामुळे, दूधही बेताचेच घेणाऱ्या शाकाहारी लोकांत त्याची उणीव आपल्याकडे पुष्कळ आढळते. अशा रुग्णास नुसते फॉलिक आम्ल मोठ्या मात्रेत दिले तर रक्त सुधारलेले दिसते. परंतु बी-१२ च्या अभावी मज्जातंतूंची जी हानी होत असते ती आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे होत. म्हणून रक्तक्षय आढळल्यास तो कोणत्या प्रकारचा आहे हे तपासून घेतल्यावरच उपचार करणे श्रेयस्कर.

स्वयंपाकघरातील फॉलेट

आपल्या देशातील प्रत्येक प्रांताच्या आहारात फॉलेटची साधने आहेत. पंजाबातील सरसोंचे साग, बंगालमधील शाक, आंध्रातील गोंगुरा, तमिळनाडूतील कीरै, महाराष्ट्रातील चवळी-माठ-पालक या साऱ्या पालेभाज्या. हरभरा, मूग, मसूर, राजमा यांसारखी कडधान्ये. शेंगदाणे, अंडी व यकृत यांतून ते मिळते. कडधान्यांना मोड आणल्याने त्यांतील फॉलेट वाढते.

मात्र हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नाश पावणारे आहे. भाजी चिरून मग धुतली, भरपूर पाण्यात बराच वेळ शिजविली आणि ते पाणी ओतून दिले, तर हर्बर्ट यांनी प्रयोगासाठी जे मुद्दाम केले तेच आपण नकळत करीत असतो. भाजी आधी धुवावी व मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी, डाळीचे व भाजीचे पाणी आमटीत किंवा पिठात वापरावे, आणि पुन्हा पुन्हा गरम करणे टाळावे. या साध्या गोष्टींना खर्च पडत नाही.

आहार हा या जीवनसत्त्वाचा पाया आहे. पण गर्भधारणेच्या काळातील वाढलेली गरज केवळ आहाराने भागेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून त्या काळी गोळी आवश्यक ठरते. ज्या रोगाचे कारण मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या रक्तात प्रथम शोधले गेले, त्यावरील उपाय आज काही पैशांच्या गोळीत उपलब्ध आहे. ती गोळी घरात येण्याची वेळ मात्र गर्भ राहिल्यानंतरची नव्हे, त्यापूर्वीची आहे. ही एक गोष्ट घराघरांतील मोठ्या माणसांनी नवविवाहितांना वेळीच सांगितली, तर कित्येक मुले दुभंगलेल्या कण्याविना जन्माला येतील.